चढ दीडशे मीटरचा, कर्ज सात लाखांचं

कोल्हापूरच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ५३, घरात आता नवरा-बायको दोघंच, मुलगी शिकायला बाहेरगावी. त्यांनी एका वर्कशॉपमध्ये छोटा कॅम्पिंग ट्रेलर बनवायला टाकलाय. रिकामा ४८० किलो. पाणी, गॅस, गाद्या, भांडीकुंडी धरून ६०० च्या घरात जाईल. गुहागर तालुक्यात चुलतभावाची कलमांची जागा आहे, तिथे दिवाळी, नाताळ, मे आणि ‘एकदा तरी भर पावसात’ मुक्काम टाकायचा बेत आहे. डांबरी रस्त्यापासून जागेपर्यंत दीडशे मीटरचा लाल मातीचा उतार लागतो. सध्याची गाडी चार वर्षांची, मध्यम आकाराची डिझेल एसयूव्ही, ताकद पुढच्या चाकांना. मेहुण्यांचं ठाम मत आहे की फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, नसेल तर ट्रेलर कोकणात नेण्याच्या भानगडीत पडू नये. गाडी बदलायची तर वर सात लाख घालावे लागतात, म्हणजे कर्ज. बायको म्हणते, ‘तेवढ्यात दहा वर्षं चांगल्या हॉटेलात राहू.’ वाचक विचारतात: फोर बाय फोर खरंच लागते का, की ट्रेलरचा नादच सोडू?

*

तुमच्या पत्रातला एक आकडा तुम्ही ओघात लिहून गेलात, मी मात्र तिथेच अडकले. दीडशे मीटर. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून साखरपा, पाली, हातखंबा, निवळी, मग जयगडला जेटीवरून फेरीबोटीने खाडी ओलांडून तवसाळ, हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. हा सगळा प्रवास दोनशेच्या आसपास किलोमीटर भरतो. त्यातले दीडशे मीटर सोडले तर बाकी सगळा डांबर किंवा काँक्रीट. सात लाखांचा विचार चाललाय तो त्या दीडशे मीटरसाठी. तेवढ्यासाठी गाडी बदलावी लागेल असं कधीकधी खरंच निघतं, नाही असं नाही. पण आधी बाकीच्या रस्त्याचं बोलू, कारण मेहुण्यांच्या सल्ल्यात तो कुठेच आलेला नाही.

फोर बाय फोर गाडीला पुढे ढकलते. थांबवत नाही. ब्रेक दाबल्यावर प्रत्येक गाडीची चारही चाकं धरली जातात, मग ताकद दोन चाकांना असो की चारांना. आंबा घाट उतरताना तुमच्या मागे ६०० किलोचा ट्रेलर असणार, आणि आपल्याकडे असे छोटे ट्रेलर बहुतेक वेळा स्वतःच्या ब्रेकशिवायच बनतात. त्याचं सगळं वजन तुमच्या गाडीच्या ब्रेकवर. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. तुमचा त्या रेषेच्या आत बसतो. पण ती रेषा आखणाऱ्याने आंबा घाटातलं धुकं आणि वळणावर समोरून येणारी एसटी पाहिलेली नसावी. वर्कशॉपवाल्याला आजच फोन करा आणि ओव्हररन ब्रेक बसवता येतील का ते विचारा. गाडीने वेग कमी केला की ट्रेलर हुकावर दाबतो आणि त्याच दाबाने त्याचे ब्रेक लागतात, एवढी साधी यंत्रणा आहे. सात लाखांतला पहिला पैसा मी तिथे घालीन. आणि घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. पाय सतत ब्रेकवर ठेवून उतरणाऱ्याला अर्ध्या घाटात जळका वास येतो, आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो.

दुसरी गोष्ट हुकावरच्या भाराची. तुमच्याकडच्या जुन्या माणसांना बैलगाडी ‘उलार’ होणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. माल मागे जास्त झाला की जू वर उठतं आणि बैलांच्या मानेला फास बसतो. ट्रेलरचंही तसंच. पाण्याची टाकी, गॅस, बॅटरी सगळं मागे भरलंत तर ट्रेलर उलार होतो आणि ऐंशीच्या वेगाला शेपटी हलवायला लागतो. हुकावर एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार हवा, म्हणजे तुमच्या बाबतीत ६० किलो. मेहुणे म्हणाले असतील की हा भार मागे पडला की पुढची चाकं उचलली जातात. उचलली जातात, पण किती? हूक मागच्या आसापासून मीटरभर मागे आणि दोन आसांमधलं अंतर २.६ मीटर धरलं, तर पुढच्या चाकांवरून कमी होतात जेमतेम २३ किलो. ऊस भरलेला ट्रॅक्टर चढाला पुढून उचलला जातो ते दृश्य तुम्ही दर हंगामात बघता, म्हणून ही भीती वाटते. तुमच्या ट्रेलरचं प्रकरण त्या मानाने फारच किरकोळ आहे. बाकी ट्रेलर तयार झाला की तो पूर्ण भरून वजनकाट्यावर न्या. कोल्हापुरात काट्यांना तोटा नाही. ६०० म्हणता म्हणता ७२० निघाला, असं होणं मुळीच नवल नाही.

आता त्या उतारावर येऊ. थोडं गणित आहे, कंटाळू नका.

तुम्ही उतार किती तीव्र आहे ते लिहिलेलं नाही. समजा पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा आहे. आमच्याकडे सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी पठारावरून, वाडीत उतरणाऱ्या वाटा सहज तशा असतात. माणसं-सामानासकट गाडी १८०० किलो, ट्रेलर ६००, मिळून २४००. एवढं वजन त्या चढावर नुसतं धरून ठेवायला साधारण ४७० किलोचा जोर लागतो. तुमच्या गाडीच्या पुढच्या चाकांवर सपाटीला हजाराच्या आसपास किलो भार असेल; चढाला वजन मागे सरकतं, वर ट्रेलर मागे ओढतो, तेव्हा उरतात ८५०-८६०. कोरड्या डांबरावर टायर आपल्यावरच्या भाराच्या सत्तर टक्के तरी जोर लावतो, म्हणजे ६०० किलो. गाडी आरामात वर. नाताळात वाळून कडक झालेल्या लाल मातीवर पकड पंचावन्न-साठ टक्के मिळाली तर ४७०-५१०. जेमतेम चढेल, वर सुटी खडी असली तर चाक जागच्या जागी फिरेल. आणि जुलैतल्या चिखलात हीच पकड तीस-पस्तीस टक्क्यांवर येते, म्हणजे फार तर ३०० किलो. तेव्हा चढणार नाही. क्लच जळेल, गाडी चढणार नाही.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी असती तर? बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा, स्कॉर्पिओ-एनचं टू व्हील मॉडेल या जातीच्या गाड्या ओढायला थोड्या बऱ्या, कारण चढाचं आणि हुकाचं वजन ताकदीच्या चाकांवर पडतं. तरी त्या चिखलात जोर ३५० च्या आसपासच जातो. लागतात ४७०. चारही चाकं कामाला लागली की मात्र तोच चिखल ५५०-६४० जोर देतो. थोडक्यात मेहुणे चुकीचं बोलत नाहीत. भर पावसात, ट्रेलरसकट, त्या चढावर त्यांचंच बरोबर आहे. फक्त त्यांनी वर्षातल्या एका मुक्कामाची गोष्ट चारही मुक्कामांना लावली.

ट्रेलर सोडून नुसत्या गाडीचं गणित केलंत तर चित्र बदलतं. १८०० किलोला ३५० च्या आसपास जोर पुरतो आणि वाळलेल्या मातीवर तुमच्या गाडीकडे तो भरपूर आहे. मग पहिला मार्ग सोपा आहे: ट्रेलर वर, डांबराच्या कडेला, भावाच्याच हद्दीत एखाद्या सपाट तुकड्यावर ठेवता येतो का? समुद्र वरूनच चांगला दिसतो, वारंही लागतं. खाली कलमांत संध्याकाळी डास किती असतात ते भावाला एकदा विचारा.

दुसरा मार्ग चाकोरीचा. पूर्ण रस्ता करायची गरज नाही. चाकांपुरते दोन पट्टे पुरतात. प्रत्येकी ६० सेंटिमीटर रुंद, १० सेंटिमीटर जाड, दीडशे मीटर लांब, असं धरलं तर १८ घनमीटर काँक्रीट. पट्टे खरखरीत करा, म्हणजे वरून झाडूने आडव्या रेघा मारून घ्या, गुळगुळीत केलेत तर पावसात शेवाळ धरून ते मातीपेक्षा वाईट होतील. गुहागरातल्याच एखाद्या ठेकेदाराकडून अंदाज घ्या, आकडा सात लाखांच्या जवळपासही जाणार नाही. जांभ्याचे चिरे बसवूनही होतं, पण जांभा वजनाखाली झिजतो आणि त्यावर शेवाळ लवकर येतं. यात एकच अडचण, आणि ती सिमेंटची नाही. जागा भावाची आहे. सातबाऱ्यावर आणखी कोणाकोणाची नावं आहेत, ती वाट नक्की कोणाच्या हद्दीतून जाते, खालच्या वाडीकडे जाणाऱ्यांचा तिच्यावर हक्क आहे का, हे काम काढण्याआधी बघा. आमच्याकडे गडग्याचा एक दगड हलला तरी तीन पिढ्यांच्या गोष्टी निघतात. तुम्ही चुलतभावाला याबद्दल विचारलंय असं पत्रात कुठे दिसलं नाही. कर्जाची चौकशी झाली आणि भावाला फोन राहिला, असं तर नाही ना?

तिसरा मार्ग पावसापुरता: ट्रेलर घरी, तुम्ही दोघं नुसते या. जुलैत गुहागरला कापडी छताच्या ट्रेलरमध्ये झोपण्यात काय गंमत आहे ते मला अजून कळलेलं नाही. गाद्या तीन दिवसांत ओलसर होतात आणि त्यांचा वास दिवाळीपर्यंत जात नाही. पण हा माझा कडवटपणा झाला. तुम्हाला तीच हौस असेल तर त्या एका मुक्कामाला वाडीतला ट्रॅक्टर सांगून ठेवा.

ट्रॅक्टरवरून माझं एक सांगते. काही वर्षांपूर्वी दापोली तालुक्यात आमची फोर बाय फोर मी स्वतः पुळणीवर घातली होती. ओहोटी होती, ओली वाळू सिमेंटसारखी कडक दिसत होती. परतताना कोरड्या वाळूचा पट्टा ओलांडायचा होता, तीस पावलांचा असेल. टायरमध्ये हवा रस्त्याची, ३३ पीएसआय. मी गाडी चार चाकांवर घातली, लो गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटर दाबला. मिनिटभरात गाडी पोटावर बसली. गावातून एकजण जुना ट्रॅक्टर घेऊन आला. मागच्या दोन चाकांवर चालणारा, सायलेन्सरला तार बांधलेली. खाली उतरून त्याने आधी वाळूत वाकून पाहिलं आणि म्हणाला, “बाय, दोन चाकांची गाडी दोन खड्डे खणते. तुझी चार खणतेय.” टोचनची साखळी लावायच्या आधी त्याने माझ्याकडून चारही टायरमधली हवा निम्म्याच्या आसपास काढून घेतली. त्यानंतर गाडी जवळजवळ स्वतःच बाहेर आली, ट्रॅक्टरने नुसता हात दिला. भरती तोवर मागच्या चाकांपासून पंधरा-वीस फुटांवर आली होती. मी त्या दिवशी नवऱ्याला फोन केला नाही.

हे सांगायचं कारण, फोर बाय फोर घेतलेल्या माणसाला पुळण बोलावते. ट्रेलर असो नसो, तिथे गाडी नेऊ नका. नोव्हेंबर ते मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासविणी वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर अंडी घालतात, ती पन्नासेक दिवस वाळूत असतात आणि वरून चाक गेलं तर ते कुणाला कळतही नाही. तुमच्या चार मुक्कामांपैकी दोन नेमके त्या महिन्यांत किंवा त्यांच्या काठावर येतात.

चार चाकांचा मोह मला एकाच ठिकाणी योग्य वाटतो, आणि ते मेहुण्यांच्या लक्षात आलेलं नाही. जयगडची जेटी. ओहोटीला पाणी खाली गेलं की धक्क्याचा उतार उघडा पडतो, ओला, हिरव्या शेवाळाचा. बोटीतून बाहेर पडताना पुढची चाकं नेमकी त्या पट्ट्यावर येतात आणि ट्रेलर अजून बोटीच्या फळीवर असतो. तिथे चाक फिरलं तर मागे लायनीत उभ्या असलेल्या गाड्यांसमोर शोभा होते. यावर उपाय भरतीच्या आसपास ओलांडण्याचा. पंचांगात तिथी बघा, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही तितकीच खोल जाते, ते दिवस टाळा. आणखी एक, जेटीवर कधीकधी गाडी रिव्हर्समध्ये घ्यायला सांगतात. ट्रेलर लावून रिव्हर्स घेणं म्हणजे स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे. आठवडाभर एखाद्या मोकळ्या मैदानात दोन बादल्या ठेवून सराव करा, बायकोला मागे उभं करून हातवारे कोणते करायचे ते आधीच ठरवा. संसारातली कितीतरी भांडणं रिव्हर्स गिअरमध्ये झालेली मी पाहिली आहेत. नाहीच जमलं तर हातखंब्याहून महामार्गाने संगमेश्वर, चिपळूण करत गुहागर गाठा. लांब पडतं, पण खाडी ओलांडावी लागत नाही.

हे सगळं करूनही गाडी बदलायचीच झाली, तर दुकानात शिरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ आणि फोर बाय फोर एक नव्हे. तुम्हाला चढासाठी हवा आहे तो लो रेंजचा गिअर, जो गाडीला बैलाच्या चालीने वर नेतो आणि चिखलात उतरताना इंजिनाच्या जोरावर चारही चाकांना धरून ठेवतो. थार, जिम्नी, स्कॉर्पिओ-एनचं फोर बाय फोर मॉडेल यांत तो मिळतो. मात्र थारसुद्धा २०२३ पासून नुसत्या मागच्या चाकांवरही विकली जाते, तेव्हा नाव बघून सही करू नका. अशा गाड्यांत फोर बाय फोर घालून कोरड्या डांबरावर चालवायची नसते. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि ताण सगळा आतल्या दातांवर येतो. आणि कुठलीही गाडी असो, तिच्या पुस्तिकेत ओढण्याचं पान आधी उघडा. किती किलो चालेल ते तिथे लिहिलेलं असेल, किंवा ‘ओढू नये’ असंही असेल. तुमच्या आत्ताच्या गाडीची पुस्तिका तर पत्र वाचून संपताच काढा. तिथे ‘ओढू नये’ असेल तर वरचं माझं सगळं गणित बाजूला ठेवा.

कागदांचं एका वाक्यात: ट्रेलर कायद्याने स्वतंत्र वाहन आहे, त्याची आरटीओत नोंदणी लागते, तेव्हा वर्कशॉपवाला नोंदणी होईल असे कागद देणार आहे का ते उरलेले पैसे देण्याआधी विचारा आणि विमा कंपनीला हूक बसवल्याचं लेखी कळवा.

राहता राहिले मेहुणे आणि बायको. पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं, फोर बाय फोर तुम्हालाच हवी आहे. तुम्ही तिचा रंगसुद्धा लिहिलाय. हवी असेल तर हवी आहे, ५३ व्या वर्षी माणसाला एखादी गाडी आवडू शकते. पण मग बायकोला तसं सांगा. ‘ट्रेलरसाठी लागते’ म्हणून कर्ज काढलंत तर प्रत्येक हप्त्याला तो ट्रेलर जबाबदार ठरेल आणि दोन वर्षांत तो पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहील. बायकोच्या हॉटेलच्या बोलण्यातही पैशापेक्षा वेगळं काही असेल. ट्रेलरमध्ये स्वयंपाक कोण करणार, हे ठरलंय का?

गाडी विकायची जाहिरात तूर्त टाकू नका. जूनच्या शेवटी एकदा ट्रेलर न घेता दोघं गुहागरला जा. पाऊस पडून गेल्यावर तो उतार चपला घालून चालत उतरा आणि चढून या. गवंड्याची पाण्याची नळी आणि पाच मीटरची दोरी सोबत असू द्या, चढ मोजून घ्या, मग वरच्या गणितात माझ्या आकड्यांच्या जागी तुमचे आकडे घाला. भावाकडे चहा घ्या, वाटेचा विषय काढा. आणि वाडीत ट्रॅक्टर कोणाकडे आहे ते विचारून त्याचा नंबर घेऊन या.